अ‍ॅमस्टरडॅम ते मुंबई : अंतर तेच, वेळ वेगळी

अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे ६,८६० किलोमीटर, म्हणजेच सुमारे ३,७०० सागरी मैल आहे. थेट विमानाने मुंबईला पोहोचण्यास साधारणतः साडेआठ ते नऊ तास लागतात. परतीच्या प्रवासाला साडेनऊ ते दहा तास, क्वचित त्याहून थोडे अधिक. दोन्ही शहरांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. ज्यांना केवळ आकडे हवे आहेत, त्यांचे काम येथेच होते.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा प्रश्न सहसा निवांतपणी पडत नाही. आई-वडील पुण्याला किंवा सांगलीला, मुलगा अ‍ॅमस्टलवेनला किंवा मुलगी आइंडहोव्हनला, आणि रात्री-अपरात्री वाजलेला फोन, अशा वेळी ‘अंतर किती’ याचा अर्थ ‘आत्ता निघालो तर केव्हा पोहोचेन’ एवढाच असतो. त्याचे उत्तर किलोमीटरांत मिळत नाही. अंतर भूमितीने ठरते आणि ते बदलत नाही. वेळ ठरते ती वाऱ्याने आणि त्या दिवशी कोणाचे आकाश खुले आहे याने. गेल्या दहा-बारा वर्षांत या दुसऱ्या कारणाचे वजन फार वाढले आहे.

सरळ रेषा कोठून जाते?

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून स्किपोल आणि मुंबई जोडले, तर रेषा ऑस्ट्रिया, बाल्कन, तुर्कस्तान, इराक आणि इराणच्या आखाती किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरते. ही वाट सर्वांत जवळची वाटते, पण तशी ती नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेवर बसतो ती सर्वांत जवळची. शाळेच्या भूगोलात विषुववृत्ताच्या निमित्ताने भेटलेले ‘बृहद्वृत्त’ ते हेच. ६,८६० किलोमीटर हा आकडा त्याच्यावर मोजलेला आहे. सपाट नकाशाची ही फसवणूक ज्याच्या नावावर मांडली जाते, तो १५६९ सालच्या नकाशाचा कर्ता मर्केटर याच भागातला, फ्लँडर्समधला. अर्थात त्याने तो नकाशा खलाशांसाठी काढला होता, वैमानिकांसाठी नव्हे.

गोलावरचा दोरा स्किपोलहून जवळजवळ थेट पूर्वेला निघतो. जर्मनी ओलांडून तो पोलंडमधील क्राकुवच्या जवळून जातो, दक्षिण युक्रेन आणि अझोव्हचा समुद्र पार करतो, रशियाच्या क्रास्नोदार प्रांतावरून कॉकेशस पर्वतावर चढतो आणि जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या जवळजवळ डोक्यावर येतो. तेथून अझरबैजान, कॅस्पियनचा दक्षिण भाग, इराणचे वाळवंट, अफगाणिस्तानचा नैर्ऋत्येकडील कोपरा, बलुचिस्तान, कराची, कच्छचे आखात, जामनगर, आणि मग मुंबई.

या यादीतील एक-एक नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे आहे. दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग आजच्या जगातील बहुतेक अशांत आकाशांना क्रमाने शिवत जातो. अर्थात शांततेच्या काळातही कोणतेही विमान या रेषेवर तंतोतंत उडत नाही. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातात, उतरताना मुंबईच्या गर्दीत घिरट्याही घालाव्या लागतात, आणि काही टक्के वळसा गृहीतच धरलेला असतो. पण पूर्वी हा वळसा नियंत्रणाच्या सोयीचा होता. आता तो धोक्यापासून दूर राहण्याचा आहे.

युक्रेनवरचे आकाश

नेदरलँड्समध्ये या विषयाचा उच्चार एका तारखेशिवाय होत नाही. १७ जुलै २०१४ रोजी स्किपोलहून क्वालालंपूरला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच१७ हे विमान पूर्व युक्रेनवर ‘बुक’ क्षेपणास्त्राने पाडले गेले. २९८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १९६ डच नागरिक होते. युक्रेनने तीन दिवस आधी ३२,००० फुटांखालचे आकाश नागरी विमानांना बंद केले होते. हे विमान ३३,००० फुटांवर होते. नियमाच्या चौकटीत ते पूर्णपणे वैध मार्गावर उडत होते, ही या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

डच सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २०१५मध्ये अहवाल दिला. खबरदारी म्हणून ते आकाश संपूर्ण बंद करण्यास युक्रेनजवळ पुरेसे कारण होते, असा त्याचा निष्कर्ष होता. आकाश बंद होईपर्यंत त्या एका दिवसात त्या भागावरून १६० प्रवासी विमाने गेली होती, हेही त्यात नोंदले आहे. मुंबईची सरळ रेषा अपघातस्थळाच्या काहीशे किलोमीटर दक्षिणेला पडते. युरोपातून भारताकडे आणि आग्नेय आशियाकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांचा तो रोजचा शेजार होता. स्किपोलपासून जवळच, फेइफहाउझन येथे, मृतांच्या स्मरणार्थ २९८ झाडे लावलेली आहेत. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी डच न्यायालयाने तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत जन्मठेप सुनावली.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे संपूर्ण आकाश नागरी विमानांना बंद झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपीय संघाने रशियन विमानांना व रशियाने युरोपीय विमानांना मनाई केली. टोकियो किंवा सोलला जाणाऱ्यांचे यात फार नुकसान झाले. मुंबईच्या वाटेवर रशियाचा तुकडा लहान आहे, त्यामुळे विमाने रुमानिया आणि काळ्या समुद्राच्या दक्षिण अंगाने सरकली, आणि प्रवाशाच्या ते फारसे लक्षातही आले नाही. अडचण पुढे, कॅस्पियनच्या पलीकडे होती.

इराण आणि पाकिस्तान

तुर्कस्तानच्या पूर्वेला पोहोचलेल्या विमानासमोर ढोबळमानाने तीन वाटा असतात. एक जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान व पाकिस्तान अशी. दुसरी इराक आणि आखातावरून किंवा इराणवरून. तिसरी आणखी दक्षिणेची, इजिप्त, सौदी अरेबिया व ओमानवरून अरबी समुद्रात. कोणत्या दिवशी कोणती घ्यायची, हे त्या दिवशीच्या सूचनांवर, वाऱ्यावर आणि त्या-त्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

पहिली वाट ऑगस्ट २०२१नंतर अडचणीची झाली. काबूलमधील सत्तांतरानंतर अफगाणिस्तानच्या आकाशात हवाई वाहतूक नियंत्रणच उरले नाही, आणि बहुतेक कंपन्यांनी तेथून उडणे थांबवले. पुढे काहींनी ते पुन्हा सुरू केले. दुसरी वाट १३ जून २०२५ रोजी एका रात्रीत मिटली. इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराण, इराक, जॉर्डन व सीरिया यांची आकाशे बंद झाली. २३ जूनला कतारनेही काही तास आपले आकाश बंद केले, तेव्हा दोह्यावरून मुंबईला जाणाऱ्यांची जी त्रेधातिरपीट उडाली ती अनेक घरांत अजून सांगितली जात असेल.

तिसरी वाट लांबची, पण बहुधा उपलब्ध असते. अ‍ॅमस्टरडॅम, कैरो, मस्कत व मुंबई असे तुकडे जोडून मोजले, तर बेरीज सुमारे ७,६४० किलोमीटर होते. म्हणजे सरळ रेषेपेक्षा पावणेआठशे किलोमीटर जास्त. ताशी ९०० किलोमीटर वेगाने पाऊण ते एक तास. जगाच्या नकाशावर तीन-चार देश बंद झाले तरी प्रवाशाच्या वाट्याला येणारा दंड एवढाच, हे ऐकून आश्चर्य वाटेल. खरा भार इंधनावर, त्यामुळे तिकिटावर, आणि वेळापत्रकावर पडतो: तासभर उशिरा आलेले विमान परतीला तासभर उशिरा निघते आणि स्किपोलवरची पुढची जोडणी चुकते.

पाकिस्तानची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे ‘विमान कोणाचे’ हा प्रश्न ‘विमान कोठे’ यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केले, ते १६ जुलैला पूर्ण खुले झाले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी घातलेली बंदी मात्र केवळ भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे. त्यांनी भाड्याने घेतलेली विमानेही तीत येतात. ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांबाबत तसेच केले, आणि त्यानंतर दोन्ही देश महिन्या-महिन्याने मुदत वाढवत राहिले. इंडिगोने २ जुलै २०२५ रोजी मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम थेट सेवा सुरू केली, तीही नॉर्वेच्या कंपनीकडून घेतलेल्या बोइंग ७८७ विमानांनी. विमान नॉर्वेचे असले तरी चालवणारी कंपनी भारतीय, म्हणून पाकिस्तान त्यांना बंदच. केएलएमसारख्या परदेशी कंपनीला ही बंदी लागू नाही.

येथे मुंबईकराला एक दिलासा आहे. दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातपर्यंत येऊन मग समुद्रावर जावे लागते. मुंबई मुळातच समुद्राच्या काठी; तेथून उडालेले विमान थेट ओमानच्या दिशेला लागते.

भारताने डच विमानांना आकाश बंद केले तेव्हा

आकाश बंद करणे हे शस्त्र आजचे नाही, आणि ते एकदा भारतानेही नेमके डचांवर चालवले होते. डिसेंबर १९४८मध्ये डच सैन्याने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर दुसऱ्यांदा चढाई केली. नेहरूंच्या सरकारने डच विमानांना भारतावरून उडण्यास व भारतात उतरण्यास मनाई केली. पाकिस्तान व सिलोननेही तेच केले. जानेवारी १९४९मध्ये इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली. केएलएमला आपली बटाव्हियाची विमाने पार मॉरिशसमार्गे न्यावी लागली.

केएलएमसाठी हा घाव वर्मी होता, कारण बटाव्हियाचा मार्ग हा त्या कंपनीचा अभिमान होता. पहिले विमान १ ऑक्टोबर १९२४ रोजी निघाले. वाटेत बल्गेरियात, प्लोव्हदिव्हजवळ, इंजिन बिघडून ते महिनाभर अडकले आणि २४ नोव्हेंबरला बटाव्हियाला पोहोचले. तीसच्या दशकात नियमित सेवा सुरू झाली ती बगदाद, जास्क, कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता या टप्प्यांनी. मुंबई या वाटेवर नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा मुंबई कराचीला आणि कराचीद्वारे युरोपच्या हवाई टपालाला जोडली गेली. आजची सरळ रेषा कराचीवरून जाते, ही गोष्ट त्या काळच्या वैमानिकांना नवी वाटली नसती.

पुढे काही महिन्यांतच या मार्गावर मुंबईचे नाव एका दुःखद कारणाने नोंदले गेले. १२ जुलै १९४९ रोजी बटाव्हियाहून अ‍ॅमस्टरडॅमला जाणारे ‘फ्रानेकर’ हे केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून येऊन सांताक्रूझला उतरत असताना भर पावसाळी हवेत घाटकोपरच्या डोंगरावर आदळले. सर्व ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते.

जाताना लवकर, येताना उशीर

जाण्या-येण्याच्या वेळेत तासाभराचा फरक का पडतो, याचे कारण अधिक साधे आहे. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. मुंबईकडे जाताना ते पाठीशी असतात, परतताना छातीवर. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, म्हणून जानेवारीत जाणे सर्वांत जलद आणि येणे सर्वांत कंटाळवाणे. वारा अजिबात नसता आणि मार्ग सरळ असता, तर ताशी ९०० किलोमीटरने हे अंतर सात तास सदतीस मिनिटांचे होते. चढणे, उतरणे आणि धावपट्टीपर्यंतची रांग त्यात धरलेली नाही.

घड्याळाचा घोळ मात्र मानवनिर्मित आहे. हिवाळ्यात दुपारी १२ वाजता स्किपोल सोडलेले विमान पावणेनऊ तासांनी, मुंबईच्या रात्री सव्वा वाजता उतरते. पहाटे ३ वाजता मुंबई सोडलेले विमान पावणेदहा तासांनी, डच वेळेनुसार सकाळी सव्वाआठला पोहोचते. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचे घड्याळ सरकते, भारताचे नाही. गंमत अशी की हिवाळ्याचा साडेचार तासांचा फरक जवळजवळ सूर्याच्या हिशेबाचा आहे: दोन शहरांत ६८ रेखांशांचे अंतर, म्हणजे चार तास बत्तीस मिनिटे. १९४०पर्यंत नेदरलँड्सची वेळ ग्रिनिचच्या सुमारे २० मिनिटे पुढे होती, आणि ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ मुंबईने १९५५पर्यंत जपला. त्या दोन घड्याळांतही तेवढाच फरक होता.

थेट विमान नसेल तेव्हा

थेट सेवा आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. जेट एअरवेजने २०१६मध्ये आपले युरोपातील केंद्र ब्रसेल्सहून अ‍ॅमस्टरडॅमला आणले. एप्रिल २०१९मध्ये थकबाकीपोटी त्यांचे एक विमान स्किपोलवरच अडकवले गेले आणि १७ एप्रिलला कंपनीचे उड्डाणच थांबले.

अशा वेळी कोणत्या शहरावरून जावे, याबद्दल नकाशा अनपेक्षित सल्ला देतो. इस्तंबूलमार्गे एकूण अंतर सुमारे ७,०२० किलोमीटर, दुबईमार्गे ७,१००, दोहामार्गे ७,२२०. ही तिन्ही शहरे जवळजवळ वाटेवरच आहेत. दिल्लीमार्गे मात्र ते ७,५०० होते. स्वदेशाच्या राजधानीवरून जाणे हा या चारांतील सर्वांत मोठा वळसा आहे. वेळ जाते ती किलोमीटरांमुळे नव्हे, मधल्या विमानतळावरच्या ताटकळीमुळे. दीड-दोन तासांची जोडणी मिळाली तर दुबईमार्गे एकूण प्रवास बारा तासांच्या आसपास बसतो.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळाच. आइंडहोव्हनहून स्किपोलपर्यंत रेल्वेने दीड तास, उड्डाणाआधी तीन तास, आकाशात पावणेनऊ, मुंबईत इमिग्रेशन व सामानाला दीड, आणि पुण्यापर्यंत चार: सगळे सुरळीत झाले तर अठरा-एकोणीस तास, आणि त्यातला निम्म्याहून कमी वेळ विमानात. सांगलीला जायचे असेल तर यात आणखी तीन-चार तास मिळवावेत. डच पासपोर्ट घेतलेल्याजवळ ओसीआय कार्ड नसेल, तर व्हिसाचे दिवस या तासांवर भारी पडतात. फोन येण्याआधी उरकून ठेवण्यासारखे हे एक काम आहे.

कायद्याच्या लेखी अंतर

ज्या सरळ रेषेवर कोणी उडत नाही, तिचा एक उपयोग मात्र पक्का आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार प्रवाशाची भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर बृहद्वृत्तावरच मोजावे असे नियमातच लिहिले आहे. ३,५०० किलोमीटरांहून दूरच्या प्रवासात, कंपनीच्या दोषाने, विमान तीन तास वा अधिक उशिरा पोहोचले तर ६०० युरो. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर ही रक्कम निम्मी करता येते. अ‍ॅमस्टरडॅमहून निघताना हा हक्क कोणत्याही कंपनीच्या विमानात मिळतो. मुंबईहून येताना केवळ युरोपीय कंपनीच्या विमानात: केएलएमने आलात तर मिळतो, इंडिगोने आलात तर नाही. युद्धामुळे आकाश बंद झाले तर ती असाधारण परिस्थिती मानली जाते व रोख भरपाई मिळत नाही. तरीही जेवण, निवास आणि पर्यायी प्रवास अथवा परतावा देण्याची जबाबदारी कंपनीची राहतेच. काउंटरवरच्या गडबडीत हा भेद सांगितला जाईलच असे नाही.

अंतराचा दुसरा हिशेब करखात्याचा आहे. नेदरलँड्समधून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर २०२५मध्ये २९.४० युरो विमानकर होता, मग तो पॅरिसला जाणारा असो की मुंबईला. २०२७पासून हा कर अंतरानुसार लावण्याचा डच सरकारचा बेत असून प्रस्तावात ५,५०० किलोमीटरांपलीकडच्या प्रवासाला सर्वांत वरचा, सुमारे ७० युरोंचा दर आहे. भारतातील कोणतेही मोठे शहर त्यातून सुटत नाही. चार जणांचे कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाणार असेल, तर दीडशे-पावणेदोनशे युरो वाढतील.

मुंबईच्या बाजूला बदल घडतो आहे तो उलव्याला. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. लांबच्या आंतरराष्ट्रीय सेवा तेथे सुरू झाल्या, की अ‍ॅमस्टरडॅमहून हवाई अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांनी वाढेल आणि पुण्याकडे निघालेल्या माणसाला मुंबई ओलांडावी लागणार नाही.